शून्य अंशाचा पंख

‘आयएल-२ स्टुर्मोविक’ या सिम्युलेटरच्या २००६ साली आलेल्या ‘१९४६’ आवृत्तीत हाइन्केल कंपनीचं ‘लेर्खे’ नावाचं एक जर्मन विमान आहे. कड्यासारखा गोल पंख, आणि उड्डाण शेपटीवर उभं राहून थेट वर. मी ते हौसेने उडवलं आणि उतरवताना नेमाने आपटलं. खऱ्या वैमानिकांवर ती वेळ आली नाही, कारण लेर्खे कागदाबाहेर आलंच नाही. न बनलेल्या विमानाला त्या खेळात जागा मिळाली. मात्र एकोणीसशेहून जास्त संख्येने बनलेलं आणि भारतीय हवाईदलाच्या दोन स्क्वॉड्रननी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरलेलं व्हल्टी व्हेंजन्स त्याच्या मूळ यादीत नव्हतं.

कुठलं दुर्मिळ विमान सिम्युलेटरमध्ये घ्यावं, यावर हौशी लोक तावातावाने भांडतात. किती बनली, किती उरली, कुठल्या नामांकित वैमानिकाने उडवलं, असे हिशेब मांडले जातात. माझी कसोटी साधी आहे. दांडा हातात घेतल्यावर जे दुसऱ्या कुठल्याच विमानात जाणवणार नाही, असं काही त्यात आहे का? व्हेंजन्समध्ये आहे, आणि ते त्याच्या पंखात आहे.

त्या पंखाचं मूळ एका जुन्या अडचणीत सापडतं. आडव्या उड्डाणातून टाकलेला बॉम्ब भलतीकडेच पडतो. लक्ष्यावर घारीसारखी झडप घालून तो सोडला तर नेम लागतो. जुलै १९२७ मध्ये निकाराग्वातल्या ओकोताल गावात वेढल्या गेलेल्या सैनिकांना सोडवायला अमेरिकी मरीन दलाच्या विमानांनी असा एकत्रित हल्ला केला. पहिल्या महायुद्धात नाव कमावलेल्या जर्मन वैमानिक अर्न्स्ट उडेटला पुढे अमेरिकेतल्या कर्टिस विमानांच्या सूर मारण्याने भुरळ घातली आणि १९३३ मध्ये जर्मनीने तसली दोन विमानं विकत घेतली. त्या वेडातून युंकर्स ८७ ला, म्हणजे ‘स्टुका’ला, बळ मिळालं. १९३९-४० मध्ये स्टुकाने युरोपला धडकी भरवली, तशी जो तो सूर मारणारं विमान मागू लागला.

फ्रान्सनेही मागितलं. अमेरिकेतल्या व्हल्टी कंपनीकडे त्यांनी १९४० मध्ये ३०० विमानांची मागणी नोंदवली. कंपनीला नाव देणारा जेरार्ड व्हल्टी तेव्हा हयात नव्हता. जानेवारी १९३८ मध्ये ॲरिझोनात तो आणि त्याची पत्नी विमान अपघातात गेले होते. आराखडा रिचर्ड पामरच्या हाताखाली तयार झाला. पण जून १९४० मध्ये फ्रान्सच पडला. गिऱ्हाईक गेलं, विमान राहिलं. पुढच्याच महिन्यात ब्रिटिशांनी २०० विमानं मागवली. ‘व्हेंजन्स’ हे नाव त्यांचंच. ३० मार्च १९४१ ला पहिलं विमान उडालं.

आता पंख. साधारण विमानाचा पंख धडाशी काही अंशांचा कोन करून बसवलेला असतो, त्यामुळे धड आडवं असतानाही त्याला उचल मिळते. तेच विमान नाक खाली करून उभं पडू लागलं की ही उचल नडते. ती विमानाला बाजूला ओढते, लक्ष्य सरकतं आणि वैमानिकाला दांडा पुढे रेटत बसावं लागतं. पामरच्या मंडळींनी तो कोन शून्य अंश केला. ओळंबा सोडावा तसं हे विमान सरळ खाली जात असे, आणि पंखांवरचे जाळीदार हवाई ब्रेक त्याचा वेग आवाक्यात ठेवत.

या सरळपणाची किंमत एरवी मोजावी लागे. आडवं उडताना उचल मिळवायची तर धडच तिरकं करावं लागे. म्हणून व्हेंजन्स सतत नाक वर करून उडायचं आणि उतरताना समोरची धावपट्टी दिसायची नाही. सिम्युलेटरमध्ये मला हेच हवं आहे. सूर मारताना सुतासारखं सरळ, घरी परतताना आंधळं.

ते बनून येईस्तोवर युरोपातली हवा मात्र पालटली होती. ऑगस्ट १९४० मध्ये इंग्लंडवर गेलेल्या स्टुकांची ब्रिटिश लढाऊ विमानांनी दाणादाण उडवली. सूर मारणारं विमान मंद असतं आणि शत्रूची लढाऊ विमानं मोकळी फिरत असली की शिकार बनतं, हे कळून चुकलं. अमेरिकनांनी व्हेंजन्स लढाईत उतरवलंच नाही. ब्रिटिशांना युरोपात ते नको होतं. सगळ्यांनी नाकारलेलं हे विमान भारतात आलं. वशिला नसलेल्या कारकुनाची बदली व्हावी तसं, असं म्हणण्याचा मोह होतो. पण इथे त्याचं सोनं झालं.

ब्रह्मदेशातल्या अराकानच्या जंगलात जपान्यांचे बंकर लाकडाच्या ओंडक्यांचे आणि मातीचे होते, वरून झाडीत लपलेले. आपलं पायदळ जवळच असे, त्यामुळे नेम चुकून चालणार नव्हतं. व्हेंजन्सचा नेम इथे कामी आला. १ डिसेंबर १९४२ ला भारतीय हवाईदलाच्या दोन स्क्वॉड्रन उभ्या राहिल्या, ७ क्रमांकाची विशाखापट्टणमला आणि ८ क्रमांकाची तिरुचिरापल्लीला. आठवी १९४३ च्या डिसेंबरात चितगावच्या बाजूने अराकानवर उडू लागली. सातवी मार्च १९४४ मध्ये सिलचरजवळच्या उधारबंदहून लढू लागली; इंफाळची लढाई तेव्हा पेटत होती. सातव्या स्क्वॉड्रनमध्ये प्रतापचंद्र लाल होते. १९७१ च्या युद्धात हेच लाल हवाईदल प्रमुख होते.

१९४४ च्या उत्तरार्धापर्यंत दोन्ही स्क्वॉड्रननी व्हेंजन्स सोडलं. सातवीकडे हरिकेन आली, आठवीकडे स्पिटफायर. व्हल्टीने पुढच्या आवृत्तीत पंखाचा कोन चार अंश केला. समोरचं दिसू लागलं, पण विमानाची खासियत गेली, आणि यातली बरीच विमानं इंग्लंडात तोफखान्याच्या सरावासाठी निशाण ओढत फिरली. म्हणून सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी व्हेंजन्स घेतलंच, तर शून्य अंशाचं, म्हणजे मार्क १ ते ३, घ्यावं. चार अंशांचं घेऊन आपली बोळवण करू नये.

सातव्या स्क्वॉड्रनला १९८५ मध्ये मिराज २००० मिळाली. जून १९९९ मध्ये कारगिल युद्धात तिने टायगर हिलवर लेझरच्या नेमाने बॉम्ब टाकले. तिचं पहिलं विमान फ्रान्सने मागवलं होतं पण त्याला मिळालं नव्हतं. मिराज फ्रान्समधूनच आली.