देखाव्याविरुद्धचे बंड

एखाद्या चळवळीची थोरवी तिच्या सभासदांच्या संख्येवरून ठरवावयाची असती, तर आज आपण जिचा विचार करणार आहोत त्या चळवळीचे नावही घेण्याचे कारण नव्हते. १५ वर्षांच्या आयुष्यात तिच्यात अवघी ७० च्या आसपास माणसे आली, आणि त्यांतील बरीचशी हाकलली गेली. तरीही तिने विचारलेला प्रश्न आपली पाठ सोडीत नाही.

१९५७ सालच्या २८ जुलै रोजी इटलीतील कोझिओ द'आरोशा या डोंगराळ खेड्यात 'सिच्युएशनिस्ट इंटरनॅशनल' ही संघटना जन्मास आली. पॅरिसचा २५ वर्षांचा गी दबोर आणि डॅनिश चित्रकार आस्गर योर्न हे तिचे अग्रणी. पहिल्या महायुद्धाच्या काळात डाडावाद्यांनी आणि पुढे अतिवास्तववाद्यांनी कलेविरुद्ध बंड केले होते. पण ती बंडखोर चित्रे अखेर संग्रहालयाच्या भिंतीवरच जाऊन टांगली गेली. या मंडळींनी त्यापासून धडा घेतला. कलाकृती निर्माण करावयाच्या नाहीत, तर जगण्याचे प्रसंगच निर्माण करावयाचे, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. 'सिच्युएशन' म्हणजे असा जाणूनबुजून घडविलेला प्रसंग.

त्यांच्या विचाराचे मर्म दबोरने १९६७ साली 'देखाव्याचा समाज' या ग्रंथात मांडले. देखावा म्हणजे नुसता सिनेमा किंवा जाहिरात नव्हे. माणसामाणसांतील नाते चित्रांच्या मध्यस्थीने चालू लागले, की त्या नात्यासच तो देखावा म्हणतो. कामगाराच्या हातून त्याने केलेली वस्तू निसटते, हे मार्क्सने सांगितले होते. दबोरचे म्हणणे असे की आता त्याची संध्याकाळही निसटली आहे. तो स्वतःचे आयुष्य जगत नाही, ते पाहत बसतो.

यावर उपाय कोणते? एक भटकंतीचा. कामाचे व खरेदीचे नेहमीचे रस्ते सोडून शहरात मन ओढील तिकडे हिंडावयाचे, आणि कोणती गल्ली मन उल्हसित करते, कोणती दडपते, याचा नकाशा करावयाचा. दुसरा उपाय उलटविण्याचा. तयार चित्रकथा किंवा जाहिरात उचलून तिच्यात नवे शब्द घालावयाचे आणि तिच्याच तोंडून तिचे बिंग फोडावयाचे. पिनो गालित्सिओ याने तर कापडाच्या ताग्यासारखे चित्र रंगवून ते मीटरवर विकावयास काढले!

१९६२ पर्यंत बहुतेक चित्रकार बाहेर पडले वा काढले गेले, आणि राजकारण पुढे आले. १९६६ साली स्ट्रासबुर्गच्या विद्यार्थिसंघाच्या पैशांतून विद्यार्थिजीवनाच्या दैन्यावर झोड उठविणारी पुस्तिका निघाली; न्यायालयाने संघाचा कारभारच काढून घेतला. मे १९६८ मध्ये सॉर्बाँ विद्यापीठाचा ताबा घेणाऱ्यांत ही मंडळी होती. फ्रान्समधील लाखो कामगारांचा संप त्यांनी घडविला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण भिंतीभिंतींवर उमटलेली भाषा पुष्कळशी त्यांची होती, हे मान्य केले पाहिजे.

१९७२ साली संघटना विसर्जित झाली. तिचा दोषही लपविण्यासारखा नाही. सर्वांच्या मुक्तीची भाषा बोलणाऱ्यांना आपल्यातील मतभेद सोसवला नाही. हकालपट्टी हाच त्यांचा नियम होऊन बसला. १९९४ साली दबोरने आत्महत्या केली. २००९ साली फ्रेंच सरकारने त्याचे कागदपत्र 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून जाहीर केले, आणि २०१३ साली पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांचे प्रदर्शन भरले. देखाव्याच्या शत्रूचाच देखावा झाला!

मग हे बंड फुकट गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. औषध लागू पडले नाही म्हणून रोगाचे निदान खोटे ठरत नाही. आज तर देखावा प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि त्यात आपण केवळ प्रेक्षक नाही, पात्रेही झालो आहो. स्वतः जगलेला असा दिवसाचा कोणता भाग आपल्याजवळ उरला आहे, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर व्यासपीठावरून देता येणार नाही; ज्याचे त्यानेच ते आपल्या दिवसात शोधावयाचे आहे.