नाण्यांची झीज आणि काळाचे टप्पे

आमच्या तुंगार्लीपासून तीनेक कोसांवर कार्ल्याचें लेणें आहे. उषवदातानें भिक्षूंना गांव दिल्याचा लेख तेथें कोरलेला आहे. त्याच्याच नाशिकच्या लेखांत, तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे व्याजानें ठेवल्याचा चोख हिशेब सांपडतो. दात्याचें नांव असें दगडावर राहिलें. पण त्याच्याहि कित्येक शतकें आधीं जीं चांदीचीं आहत नाणीं या देशांत चालत होतीं, त्यांवर ना राजाचें नांव, ना साल. सूर्य, बैल, डोंगर अशा ठशांच्या खुणा तेवढ्या. मग कोणतें नाणें आधींचें आणि कोणतें नंतरचें, हें ठरवावें कसें?

गोव्यांत १९०७ सालीं जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं हा प्रश्न तराजूनें सोडवावयास घेतला. १९४० च्या सुमारास ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत होते. (मावळांतील लेण्यांचा अभ्यास त्यांनीं पुढें केला, तो विषय निराळा.) एखादें नाणें पेटींत पडून राहतें, दुसरें रोज दहा हातांतून फिरतें. तेव्हां एकट्या नाण्याच्या झिजेवरून कांहींच सांगतां येत नाहीं. परंतु एकाच वेळीं पाडलेलीं पुष्कळ नाणीं तोललीं, तर त्यांचें सरासरी वजन काळाबरोबर नियमानें घटतें आणि वजनांतील तफावत वाढत जाते. चालू व्यवहारांतील नाणीं तोलून त्यांनीं हें पडताळून पाहिलें.

या विचाराच्या मुळाशीं एक साधें गृहीत आहे. नाणें उद्यां किती झिजेल, तें आज ज्या स्थितींत आहे तीवर अवलंबून. तें या स्थितीला कोणत्या मार्गानें आलें, याच्याशीं कर्तव्य नाहीं. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनीं १९०६ सालीं अशाच घटनांच्या साखळीचें गणित मांडलें. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील एर्लांग यांनीं त्याच काळांत दुसरी युक्ति काढली: एखाद्या गोष्टीला लागणारा वेळ अनेक टप्प्यांचा बनलेला आहे असें मानावयाचें. प्रत्येक टप्प्यांतून बाहेर पडण्याची संभाव्यता कायम तीच. तेथें किती काळ गेला याची आठवण टप्प्याला नसते. १९७५ सालीं मार्सेल नॉयट्स यांनीं या दोन्ही कल्पना एकत्र गुंफल्या. साखळी शेवटच्या स्थितीला पोंचेपर्यंतचा काळ, हेंच त्यांच्या उपपत्तीचें सार होय.

समजा, नाणें चलनांत सरासरी चाळीस वर्षें टिकतें. टप्पा एकच मानला, तर जुनें नाणें आणि कोरें नाणें यांना चलनांतून जाण्याचा धोका सारखाच, आणि प्रमाण विचलनहि चाळीसच वर्षें. पण तें प्रत्यक्षांत वीसच वर्षें आढळलें, तर? चाळीसला विसानें भागून दोनाचा वर्ग करावा: ओळीनें चार सारखे टप्पे मानले, कीं हिशेब जुळतो. विचलन सरासरीहून मोठें असेल, तर मात्र एकामागून एक टप्पे पुरत नाहींत, फांट्यांची रचना करावी लागते.

येथें इतिहासकारानें सावध राहावें. तीच आंकडेवारी अनेक निरनिराळ्या साखळ्यांतून निघूं शकते. गणितांत चार टप्पे जुळले, एवढ्यावरून नाण्याच्या आयुष्यांत चार प्रसंग घडले असें म्हणणें धाडसाचें आहे. माझ्या मतें कोसंबींच्या कामाचें मोल येथेंच कळतें, कारण त्यांच्या टप्प्यांना स्वतंत्र पुरावा होता. तक्षशिलेच्या भीर टेकाडांत १९२४ सालीं सांपडलेल्या ठेव्यांत अलेक्झांडरचीं नाणीं असल्यानें त्या ठेव्याचा काळ ठाऊक होता. त्यांतील आहत नाण्यांच्या मागील बाजूस बारीक खुणा आहेत. वेळोवेळीं वजन तपासून व्यापाऱ्यांनीं त्या उमटविल्या, असें कोसंबींचें मत. खुणा मोजून त्यांनीं वजनांशीं ताडल्या, तेव्हां जितक्या खुणा अधिक तितकें सरासरी वजन कमी भरलें.