नगरच्या मंडळीचे गाणे

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा शाळा, दवाखाने आणि दुष्काळ यांच्या आधाराने सांगितला जातो. सिंथिया फॅरारबाईंची मुलींची शाळा, १८७६-७८ च्या दुष्काळानंतर गावोगावी झालेले बाप्तिस्मे, मिशनचे दवाखाने यांची दखल सगळेच घेतात. गाण्याची आठवण निघते ती शेवटी, आणि तीही बरेचदा कुत्सितपणे. गोऱ्या पाद्र्यांनी इथली माणसे ओढण्यासाठी टाळ-मृदंग हाती घेतला आणि कीर्तनकाराचे सोंग आणले, असे म्हणून विषय मिटवला जातो. मत चटपटीत आहे, पण घटनांच्या क्रमाशी त्याचा मेळ बसत नाही. देवाला हाक मारायची ती गाऊन, ही इथल्या माणसाची रीत मिशनच्या कितीतरी आधीची. ती मिशनच्या उपासनेत शिरायला तीस वर्षे लागली, आणि ती शिरवली इथल्याच माणसांनी. ख्रिस्ती धर्म इथे प्रवचनातून पोहोचला असेल, पण प्रार्थना म्हणून तो रुजला गाण्यातून, असे माझे म्हणणे आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. नगरचे ठाणे पडले १८३१ च्या अखेरीस आणि तिथली पहिली मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा समुदाय, १८३३ मध्ये स्थापन झाली. हे लोक न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्युरिटनांचे वारस. मूर्ती नाही, धूप नाही, झगमगीत वस्त्रे नाहीत. उपासनेचा कणा म्हणजे प्रवचन. तरी गाण्याला त्यांच्याकडे मानाची जागा होती. इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींत छापलेले पहिले पुस्तक, १६४० सालचे, हे बायबलमधल्या स्तोत्रांचे गेय रूपांतरच होते. मात्र त्यांचे गाणे म्हणजे ठरावीक मापाची चार चरणांची कडवी, हातात पुस्तक, सगळ्यांनी उभे राहून एका सुरात म्हणणे. नगरला १८३५ ते १८६५ अशी तीस वर्षे काढलेल्या हेन्री बॅलंटाइन यांनी हीच गीते खटपटीने मराठीत आणली, मूळच्या चालींसकट. यातली अडचण कोणाही शाहिराने चटकन सांगितली असती. इंग्रजी चाल आघातावर उभी असते, मराठी रचना मात्रांवर आणि अक्षरांवर. त्यामुळे चालीचा ठोका नेमका प्रत्ययावर पडतो आणि महत्त्वाचा शब्द निसटून जातो. ती गीते टाकाऊ होती असे मुळीच नाही. त्या धाटणीची गीते आजही मनापासून गायली जातात आणि ती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहेत. पण अशी गीते गायला वाचता यावे लागे, आणि नव्याने मंडळीत येणाऱ्या बहुतेकांना त्या काळी अक्षरओळख नव्हती.

अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रार्थनेची ओळख नव्हती असे मात्र नाही. याच जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादला महीपतीने १७६२ मध्ये ‘भक्तिविजय’ पुरा केला, आणि पुढे दीड-दोन शतके गावोगावच्या कीर्तनकारांना आख्याने पुरवली ती मुख्यतः त्याच्याच ओव्यांनी. या मुलखात धर्म कानाने शिकायचा असे. पण तो सगळ्यांना सारख्या अंतरावरून ऐकायला मिळत नसे. मिशनच्या मंडळ्यांत पुढे ज्यांचा मोठा भरणा झाला ते महार आणि मांग समाजाचे लोक. त्यांच्या वाट्याला गावाच्या कीर्तनाची कड आली होती. चोखामेळ्याचे अभंग सर्वांच्या तोंडी, त्याची समाधी मात्र पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर, आणि त्याच्या जातीच्या लोकांना आत जायला १९४७ उजाडावे लागले, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मांगाच्या हलगी-सनईवाचून गावातले लग्न लागत नसे, पण ती वाजवणाऱ्याला देवळात जागा नव्हती. असा माणूस ख्रिस्ती झाला तेव्हा गाण्याबाबत तो कोरा नव्हता. गाणे त्याच्यापाशी होते. ते देवासमोर उभे राहून गाण्याची परवानगी नव्हती, ती त्याला मंडळीत मिळाली.

आता तारखांकडे वळू. कीर्तन ही मिशनऱ्यांची युक्ती असती, तर ती १८३० च्या दशकातच दिसायला हवी होती, कारण श्रोते जमवायची गरज तेव्हा सर्वांत जास्त होती. मोजके गोरे लोक, भाषेची अडचण, बाजारात उभे राहून बोलले की टवाळी, असे ते दिवस होते. प्रत्यक्षात नगरच्या ख्रिस्ती कीर्तनाचा उदय १८६० च्या दशकाच्या आरंभीचा. मधल्या काळात बदलले काय, ते पाहावे. १८५४ मध्ये हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. गावोगावी लहान मंडळ्या उभ्या राहिल्या आणि ख्रिस्ती घरात वाढलेली तरुण पिढी हाताशी आली. कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४-१९०८) यांच्यासारखा, ख्रिस्तभक्ती मराठी पदांत बांधणारा कवी पुढे आला. म्हणजे परदेशी माणसाचा एकहाती कारभार सुटला आणि मग कीर्तन आले. मिशनऱ्यांनी त्याला उत्तेजन दिले, हे खरे. पण उत्तेजन द्यायलाही आधी कोणीतरी गायला उभे राहावे लागते.

कीर्तनाची घडण पाहिली की त्याचे महत्त्व कळते. प्रवचनात पाळक लोकांशी बोलतो आणि लोक ऐकतात. प्रार्थना वेगळी, डोळे मिटून, एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचे. कीर्तनात ही भिंत राहत नाही. पूर्वरंगात एखाद्या वचनाचा विस्तार होतो, उत्तररंगात आख्यान लागते. उधळ्या पुत्राची गोष्ट तर आख्यानासाठीच सांगितल्यासारखी आहे. पण निरूपण रंगात आले की बुवा मध्येच सूर धरतो, साथीदार ध्रुपद उचलतात, आणि आतापर्यंत माणसांशी चाललेले बोलणे देवाशी सुरू होते. ऐकणारा तेच ध्रुपद म्हणतो. पुस्तक लागत नाही, दोन आवर्तनांत ते पाठ होते आणि घरी नेता येते. निरक्षर बाईला पाळकाच्या तोंडून ऐकलेली प्रार्थना जशीच्या तशी स्मरणात ठेवणे अवघड. ध्रुपद मात्र जात्यावरही तिच्याबरोबर येते. ज्याला आपण शिकवण म्हणतो ती अशी प्रार्थना झाली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कीर्तन कोणी का सुरू केले असेना, वापरले गेले ते प्रचारासाठीच. यात तथ्य आहे. नगरच्या मंडळ्यांनी गावच्या चावडीपुढे कीर्तने केली ती लोक ऐकायला यावेत म्हणून, आणि ते लपवले नाही. पण एवढ्याने कीर्तनाची ओढ उलगडत नाही. मुंबई-कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी यहुदी, यांनीही १८८० च्या सुमारास हिब्रू शास्त्रातल्या कथांची मराठी कीर्तने सुरू केली. त्यांना कोणाला बाटवायचे नव्हते, श्रोते त्यांचेच. मराठी बोलणाऱ्या दोन वेगळ्या समाजांनी वीसएक वर्षांच्या अंतराने आपापल्या धर्मासाठी तोच साचा निवडला, याचे कारण मिशनच्या धोरणात सापडणार नाही. दुसरे म्हणजे कीर्तनाच्या शेजारी भजन आहे, आणि भजनाला बाहेरचा श्रोता लागतच नाही. ते आपल्याच माणसांत, आपल्याच अंगणात बसून करायचे असते. प्रचाराची साधने त्यांचे काम संपले की अडगळीत पडतात. नगरकडच्या मंडळ्यांत भजन मागे उरले, ते प्रचारासाठी उरले असते काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. या गाण्याचे सर्वांत मोठे नाव नारायण वामन टिळक. ते चित्पावन ब्राह्मण. खिस्तीही ब्राह्मणच. मग अभंग, पदे, संस्कृतप्रचुर मराठी हा उच्चवर्णीयांनी दलित ख्रिस्ती समाजावर चढवलेला साज नव्हे काय? टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत झाला आणि त्यानंतर ते नगरला आले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे ते आले तेव्हा ख्रिस्ती कीर्तन तिशी ओलांडून गेले होते. परंपरा त्यांनी घातलेली नव्हे, त्यांना मिळालेली. त्यांनी तिच्यात भर घातली ती दर्जाची आणि एका विशिष्ट वळणाची. आधीच्या पुष्कळ रचना येशूविषयी सांगतात. टिळकांच्या चांगल्या रचना येशूशी बोलतात, भांडतात, त्याला माय म्हणतात. हा स्वर त्यांनी तुकारामाकडून उचलला आणि तसे ते उघड सांगत: तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे त्यांचे म्हणणे असे. भाषेच्या बाबतीत आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. टिळकांच्या काही पदांत समास जड आहेत आणि ती पदे शहरी देवळांत राहिली. पण अभंग ब्राह्मणांचा म्हणणे हे चोखामेळा, सोयराबाई, तुकाराम या सर्वांचे श्रेय काढून घेणे आहे. नगरच्या मंडळीने टिळकांचे घेतले ते निवडून. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची गीते शेकड्यांनी आहेत. उलट ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महत्त्वाकांक्षी महाकाव्य, त्यांच्या मृत्यूनंतर पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले, आदराने कपाटात राहिले. भजनाला जी परीक्षा द्यावी लागते ती महाकाव्याला द्यावी लागत नाही.

तिसरा आक्षेप खुद्द ख्रिस्ती परंपरेतला आणि फार जुना आहे. गोड सुरात मन रमते आणि अर्थ दूर राहतो, मग ती प्रार्थना कसली? संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपल्या आत्मनिवेदनात हीच टोचणी मांडली आहे. गाण्याने आपण हेलावलो, की गायलेल्या वचनाने, असा त्याचा पेच. धर्मसुधारक झ्विंग्लीने तर झुरिकच्या उपासनेतून संगीत पार काढून टाकले होते. नगरपुरते बोलायचे तर याचे उत्तर कीर्तनाच्या शिस्तीतच आहे. तिथे गाणे निरूपणाच्या पोटातून निघते आणि पुन्हा त्यात मिळते. अर्थ आधी उलगडतो, सूर मागून येतो. तान लांबली आणि वचन राहिले, तर जाणते लोक बुवाला ‘गवई’ म्हणून बाजूला काढतात, आणि हा शेरा स्तुतीचा नसतो. उलट पुस्तकातून वाचून गायलेल्या गीतात बेसावध राहायला कितीतरी वाव असतो. तेव्हा आक्षेप संगीतावर खरा, पण तो कोणत्या संगीतावर हे पाहायला हवे.

कॅथलिकांकडे हा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. जिल्ह्यात राहुरीकडच्या केंदळपासून जेझुइट फादरांनी १८७८ च्या सुमारास काम सुरू केले, पण त्यांची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती आणि १९६० च्या दशकात व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने लोकभाषांना दार उघडेपर्यंत ती तशीच राहिली. इथे थोडे आश्चर्य वाटते, कारण मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तकथा रचणारा पहिला माणूस जेझुइटच होता: गोव्याचे फादर थॉमस स्टीफन्स, ‘क्रिस्तपुराण’, १६१६. परंतु रोमी लिपीत छापलेला तो ग्रंथ कोकणपट्टीतच वावरला, आणि देशावरच्या गाण्याचा वंश त्याच्यापर्यंत नेण्याचा मोह आवरलेला बरा. देशावरचे कॅथलिक गाऊ लागले ते मिस्सेच्या बाहेर, विशेषतः श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेत. १९४९ पासून दर सप्टेंबरात भरणाऱ्या या यात्रेला पायी दिंड्या येतात. दिंडी म्हटली की गाणे आलेच. त्यासाठी रोमच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही.

या देवाणघेवाणीचा हिशेब एकतर्फी नाही. सांगळ्यांचे एक पद नगरला काम केलेल्या ऑल्डन क्लार्क यांनी इंग्रजीत नेले आणि ते मराठमोळ्या चालीसकट अमेरिकेतल्या गीतसंग्रहांत गेले. ज्या देशातून बॅलंटाइन वृत्ते घेऊन आले त्याच देशात. नगरच्या ख्रिस्ती घराण्यात १९१८ मध्ये जन्मलेले शाहू मोडक १९४० च्या प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटात ज्ञानेश्वर झाले. आणि नगर मिशनच्या अमॉस ॲबट यांचे चिरंजीव जस्टिन ॲबट, स्वतः याच मिशनमध्ये आयुष्य घालवून १९१० मध्ये निवृत्त झाल्यावर, मराठी संतकवींच्या इंग्रजी भाषांतराला लागले. एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे करत ते पोहोचले ताहाराबादच्या महीपतीपाशी. पंडित नरहर गोडबोले यांच्यासह केलेला ‘भक्तिविजया’चा अनुवाद १९३३ पासून दोन खंडांत निघाला, ॲबट त्याच्या आदल्या वर्षीच वारले होते.