सिमेंटवाले अंतुले आणि 'माजी' नावाचं पद

जालन्यात एक काँग्रेसवाला आणि एक भाजपवाला चहाला बसले की कधीतरी सिमेंट निघतंच. भाजपवाला म्हणणार, "तुमच्या अंतुल्यांनी पोत्यामागे पैसे खाल्ले." त्यावर काँग्रेसवाल्याचं उत्तर ठरलेलं, "अंतुले नसते तर तुम्ही अजून कलेक्टर कचेरीसाठी औरंगाबादची यष्टी धरली असती." आणि हे दुसरं तर खरंच आहे. १ मे १९८१ ला औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीचं परतूर मिळून आपला जिल्हा झाला, तेव्हा मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुलेच होते. निराधार योजना त्यांचीच. लंडनहून भवानी तलवार आणायची घोषणाही त्यांचीच (ती काही आली नाही, त्यावरचे जोक वेगळे).

तर सिमेंटची भानगड. तेव्हा सिमेंट कंट्रोलचं होतं, परमिटशिवाय मिळायचं नाही. बिल्डरांना कोटा मिळत होता आणि अंतुल्यांच्या 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान'ला देणग्या. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरींनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये हे छापलं. मृणाल गोरे आणि प. बा. सामंत हायकोर्टात गेले. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंट आणि देणग्यांचा संबंध असल्याचा निकाल दिला आणि सुमारे १९ महिन्यांत खुर्ची गेली. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठवलं. म्हणजे सर्व्हर पडल्यावर पॅच आला :)

आता प्रश्न असा, की अशा माणसाने पुढे करायचं काय? अमेरिकेत निक्सन १९७४ ला पायउतार झाले आणि १९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्टला मुलाखती दिल्या, त्याही पैसे घेऊन. आपल्याकडे 'माजी' हेच एक पद आहे. अंतुल्यांनंतर आलेल्या बाबासाहेब भोसल्यांचा किस्सा सांगतात, की मुख्यमंत्रिपद गेलं तरी माजी मुख्यमंत्रिपद कोण काढून घेणार, असं ते म्हणाले होते. अंतुल्यांनी तर हे पद २७ वर्षं चालवलं. १९८९, ९१, ९६ ला कुलाब्याचे खासदार, मध्ये नरसिंह रावांकडे आरोग्यमंत्री, २००४ ला पुन्हा खासदार, २००६ पासून अल्पसंख्याक खात्याचे मंत्री. २००९ ला अनंत गीत्यांनी हरवलं तेव्हा कुठे थांबले.

पण मला खरी इंटरेस्टिंग वाटते ती कोर्टातली बाजू. भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी खटला भरला होता. अंतुल्यांचं म्हणणं, मी अजून आमदार आहे, म्हणजे लोकसेवक आहे, परवानगीशिवाय खटला चालवता येणार नाही. विशेष न्यायाधीशांनी ते मान्यही केलं. १९८४ ला सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं: आमदार या अर्थाने लोकसेवक नाही, आणि ज्या पदाचा गैरवापर झाला ते पदच सुटलं असेल तर परवानगी लागत नाही. थोडक्यात, माजी झालात की ढाल गेली. त्याच निकालात कोर्टाने खटला थेट हायकोर्टाकडे दिला. १९८८ मध्ये सात न्यायाधीशांनी सांगितलं, की ती आमचीच चूक होती! आरोपी कितीही बदनाम असो, कायद्याने ठरलेलं कोर्ट त्याला मिळालंच पाहिजे. मला हे पटतं. चहावर बोललं तर दोन्ही पार्ट्या भडकतात, ते सोडा. आणि ती गेलेली ढाल? २०१८ च्या दुरुस्तीने संसदेने ती माजी लोकांना परत दिली. त्यावर कोणत्याच पार्टीने चहावर आरडाओरडा केल्याचं मी ऐकलेलं नाही.

२०१० ला 'आदर्श'च्या आरोपांत अशोक चव्हाणांचं मुख्यमंत्रिपद गेलं, तेव्हा भाजपवाल्यांना नवा माल मिळाला होता. फेब्रुवारी २०२४ ला चव्हाण भाजपमध्ये गेले, राज्यसभेवर पोचले आणि तो माल दुकानातून गायब! सिमेंट मात्र अजून चालतं. अंतुले २ डिसेंबर २०१४ ला गेले, त्यामुळे त्यांना आता पक्ष बदलता येत नाही.