सुकडीच्या साली आलेला कायदा

बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या, जनावरं मातीमोलानं गेली आणि सगळं गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर लागलं. घरी रेशनचा लाल मिलो, कामावर सुकडी. आमची थोरली चुलती, तिला आम्ही मोठीआई म्हणायचो, तीही कामावर होती. पदरात पाच लेकरं, सहावं पोटात. एका हप्त्याला ती कामावर आली नाही. आठ दिवसांत गेलीच. तापानं गेली, असं आम्हा पोरांना सांगितलं.

वीस वर्षांनी आई बोलली, "तापानं न्हाई रं. शेजारच्या गावच्या बाईनं काडी घातली हुती. दवाखान्यात न्ह्यावं तर पोलीस धरत्याल, ह्या भ्यानं कुणी हाललंच न्हाई."

ही भीती उगाच नव्हती. इंग्रजांच्या १८६० च्या दंडविधानात, आईचा जीव वाचवायचा नसेल तर गर्भ पाडणं गुन्हा होता आणि बाईलाही शिक्षा होती. तरी बायका ते करतच होत्या, चोरून. विधवांचे हाल तर विचारू नका. म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. आपण वारीला जातो त्या पंढरपुरातही १८७५ साली प्रार्थना समाजानं असाच आश्रम सुरू केला. विठ्ठलाच्या दारीही बायका लेकरं टाकून जायच्या, यावरून काय ते समजा.

पुढं १९६४ साली केंद्र सरकारनं एक समिती नेमली. अध्यक्ष होते आपल्याच राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. अडाण्या हातानं गर्भ पाडताना बायका मरतात, तेव्हा हे काम डॉक्टरच्या हाती द्या, असा त्या समितीचा रोख होता. विरोध झाला. कुणी जीवहत्या म्हणालं, कुणी लोकसंख्या कमी करायचा डाव म्हणालं. शेवटी १९७१ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ ला लागू झाला. म्हणजे मोठीआई गेली तेव्हा कायदा झालेला होता. आमच्या गावात मिलो पोचला, सुकडी पोचली, कायदा तेवढा पोचला नाही.

मग सोनोग्राफी आली. पोटातली पोर हेरून पाडायचा धंदा सुरू झाला. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरी २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुलीच निघाल्या. २०१२ साली परळीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा माना खाली गेल्या. दवाखान्या-दवाखान्यात पाट्या लागल्या, त्या लागायलाच पाहिजे होत्या. पण पाटी वाचून लोक समजले की गर्भपातच बंद झाला.

चार वर्षांमागं आमच्या भावकीतल्या एका सुनेला दीड महिन्याचे दिवस असताना एका दवाखान्यानं हेच सांगून परत लावलं. दुसरीकडं नवऱ्याची सही मागितली, नवरा ऊसतोडीला. खरं तर अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, हे १९७१ पासून कायद्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही अडचणींत चोवीसपर्यंत दोघांचं. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं बिनलग्नाच्या बाईलाही तोच हक्क दिला. त्याच साली अमेरिकेत कोर्टानं १९७३ पासूनचा हक्क काढून घेतला.

पारावर हा विषय निघाला की आमचे माळकरी तात्या म्हणतात, "जीव तो जीव, पाप ते पाप." मी त्यांना खोटं पाडत नाही. माझ्याही गळ्यात माळ आहे. एवढंच म्हणतो, "तात्या, मोठीआईचाबी जीवच हुता." मुलगी म्हणून पाडणं निराळं आणि अडलेल्या बाईनं जीव वाचवायला दार ठोठावणं निराळं. पहिलं बंदच राहावं, दुसरं उघडं राहावं.

सुनेला शेवटी आशाताईनं सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती चालत घरी आली. आई असती तर तिनं पोरीची दृष्ट काढली असती.