मुभा आणि हक्क

एन्नोर येथे कोसस्थलैयार नदी समुद्रास मिळते. सायंकाळी कचेरी सुटल्यावर खाडीच्या काठाने निघालो, म्हणजे वाळूवर पसरलेली जाळी आणि ती सांधीत बसलेले कोळी दृष्टीस पडतात. ही वाळू कोणाची आणि तीवर ही जाळी कोणत्या नात्याने वाळतात, हा प्रश्न एके दिवशी मनात आला आणि एका जुन्या कायद्याची पाने उलटणे भाग पडले.

परक्याच्या भूमीवर पाऊल ठेवावयाचे ते हक्काने तरी ठेवावयाचे, किंवा मुभेने तरी. हा भेद आपल्या देशात कलमबद्ध झाला तो १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने. व्हिटली स्टोक्स या आयरिश पंडिताने त्याचा मसुदा रचला. आरंभी तो मद्रास इलाखा, मध्यप्रांत आणि कूर्ग एवढ्यांसच लागू होता. म्हणजे एन्नोरच्या कोळ्यास आणि नागपूरच्या घरमालकास तो एकाच वेळी लाभला; मुंबई इलाख्यास मात्र त्यासाठी १८९१ सालापर्यंत थांबावे लागले.

या कायद्याच्या ५२ व्या कलमात मुभेची व्याख्या आहे. जे कृत्य एरवी बेकायदा ठरले असते, ते दुसऱ्याच्या जमिनीवर करण्याची परवानगी म्हणजे मुभा. तीमुळे जमिनीत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. देणाऱ्याने ती सामान्यतः केव्हाही काढून घ्यावी, आणि जमीन विकली गेली तर नव्या मालकावर तिचे बंधन नाही. हा विचार विलायतेतला. तेथे १८४५ साली डॉनकास्टरच्या शर्यतीचे तिकीट घेतलेल्या एका गृहस्थास मैदानाबाहेर काढण्यात आले आणि न्यायालयाने मैदानवाल्यांचीच बाजू उचलून धरली. आपल्या कायद्याने मात्र ६० व्या कलमात थोडी माया दाखविली आहे: परवानगीवर विसंबून ज्याने पदरमोड करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले, त्याची मुभा मागे घेता येत नाही. इतरांसही आपले सामान उचलून निघण्यास वाजवी अवधी दिलाच पाहिजे.

या रूक्ष कलमांनी मुंबईत हजारो संसारांचे भवितव्य ठरविले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस संरक्षण दिले. तेव्हा पुष्कळ मालकांनी 'भाडे' हा शब्दच टाकून 'लीव्ह अँड लायसन्स'चे कागद करण्यास आरंभ केला. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका हॉटेलातील केशकर्तनालयाच्या प्रकरणी सांगितले, की कागदाचे नाव पाहू नये, त्यातील आशय पाहावा. पण आशय सिद्ध करावयाचा म्हणजे कोर्टाची पायरी चढणे आले, आणि ते गरिबाच्या आवाक्यातले नव्हे.

माझे आजोबा अशाच एका कागदावर गिरगावात राहत. दर अकरा महिन्यांनी नवा कागद होई. तो होईपर्यंत आजी नवे भांडेसुद्धा घरात आणीत नसे. पुढे भाडेकायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो वैध परवान्याने जागेत राहत होता, तो भाडेकरू मानला गेला. खोली तीच, भिंती त्याच. बदलला तो एक शब्द. त्या वर्षी आजीने तुळशीवृंदावन आणल्याची कथा आमच्या घरात अद्यापि सांगितली जाते. उलट १९९९ च्या कायद्याने पारडे पुन्हा फिरविले: आज मुदत सरली की परवानाधारकाने जागा सोडलीच पाहिजे.

आता एन्नोरच्या वाळूकडे वळतो. येथे १९७० साली औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आणि २०१७ साली ते बंद झाले. २००१ पासून मोठे बंदर चालू आहे. या सर्वांपाशी कागद आहेत. कोळ्यापाशी कागद नाही, वहिवाट आहे. परंतु त्याच १८८२ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाने रूढीने चालत आलेल्या हक्कांस हात लावलेला नाही, आणि तेथेच कंसात स्पष्ट म्हटले आहे, की मुभा ही त्यांत मोडत नाही.

म्हणून 'यांस येथे जाळी वाळवू दिली जाते' असे कोणी सहज बोलून जातो, तेव्हा ते वाक्य मला निरुपद्रवी वाटत नाही. 'दिली जाते' म्हटले की ती मुभा झाली, आणि मुभा काढून घेता येते. आजीच्या तुळशीने मला एवढे शिकविले आहे.