आरशापलीकडचा रेडिओ

श्रोतेहो, मेलेल्या माणसाचा निरोप रेडिओवर ऐकू आला, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. पण १९५० साली झां कोक्तो या फ्रेंच कवीने अशीच गोष्ट पडद्यावर आणली. चित्रपटाचे नाव ‘ऑर्फे’.

मूळ कथा ग्रीकांची. सावित्री जशी यमाच्या मागे गेली, तसा ऑर्फियस हा गायक मेलेल्या बायकोसाठी पाताळात गेला. सावित्रीने सत्यवानाला परत आणलं. ह्याने वाटेत मागे वळून पाहिलं आणि बायको कायमची गमावली. कोक्तोचा ऑर्फे मात्र आपल्या काळातला नामवंत कवी. मृत्यू ही काळ्या पोशाखातली राजकन्या. तिचे दूत मोटारसायकलीवरून येतात! आरशातून मृत्युलोकात जाता येतं, मात्र हातमोजे घालावे लागतात. आरशात शिरणारे हात दाखवायला कोक्तोने चक्क पारा भरलेले पात्र वापरले. घरी बायको गरोदर, आणि हा मोटारीत बसून रेडिओवरची तुटक वाक्ये लिहून घेतो. ती येतात एका मेलेल्या तरुण कवीकडून.

अशा कृतींना पंडित अतिवास्तववादी म्हणतात. त्या पंथाच्या पुढाऱ्यांनी कोक्तोला कधी आपला मानला नाही. ते भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. मला सांगायचंय ते एवढंच, की हा रेडिओ स्वप्नातला नाही. १९४० ते १९४४ फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. तेव्हा लंडनहून बी.बी.सी. फ्रेंचमध्ये ‘खासगी निरोप’ देई. ऐकणाऱ्याला ते वेडगळ वाटत. ज्याच्यासाठी असत त्यालाच खूण पटे. जून १९४४ मध्ये फौजा उतरण्याआधी व्हर्लेन या जुन्या कवीच्या ओळी अशाच खुणेसाठी वाचल्या गेल्या. ते निरोप कोक्तोने चित्रपटात घेतले. मृत्युलोकातले पडके वाडेही खरेच: बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेली सां-सीरची लष्करी शाळा.

शहापूर-मुरबाडच्या मंडळींना हा काळ परका नाही. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. इकडे भाई कोतवालांचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील पडले.

आणि कोक्तो? त्याच १९४२ साली हिटलरच्या मर्जीतल्या आर्नो ब्रेकर या शिल्पकाराची त्याने जाहीर स्तुती केली. शिक्षक मित्रांनो, मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा हेही सांगा बरं का. ज्या निरोपांवर माणसं जीव धोक्यात घालत होती, ते ऑर्फेला नुसते काव्य वाटतात. कोक्तोने हे स्वतःकडे बघून लिहिलं, असं मी म्हणणार नाही. पण चित्रपट पाहताना मला ते टोचत राहतं.

शेवटी राजकन्या नियम मोडून ऑर्फेला जिवंतांत परत पाठवते. तो आणि त्याची बायको घरी जागे होतात. त्यांना काहीच आठवत नाही. तिला मात्र मोटारसायकलस्वार त्या पडक्या वाड्यातून शिक्षेसाठी घेऊन जातात.